भट्टीचं भट्टीला

९ जानेवारी, शुक्रवार

मालक दरवर्षी आम्हाला एकेक डायरी देतात, वर सोनेरी अक्षरांत कारखान्याचं नाव. माझ्या आजवरच्या सगळ्या डायऱ्या दुधाच्या खाड्यांत गेल्या. ही शेवटची, म्हणून हिला जरा मान द्यावा म्हटलं.

शेवटची, कारण आज मालकांनी सगळ्यांना भट्टीपाशी बोलावलं आणि खाली बघत सांगितलं, "मला आता झेपत नाही. मुलं आपापल्या नोकऱ्यांत. मार्चअखेर मी गॅस बंद करणार." एवढं बोलून चष्मा पुसत आत गेले. चष्म्याला काही झालं नव्हतं.

काचेच्या कारखान्यात गॅस बंद करणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. आमची भट्टी रात्रंदिवस पेटती असते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा कोणीतरी तिच्यापाशी बसतं, आजाऱ्यापाशी बसावं तसं. एकदा का गार झाली की आतल्या मुशी, म्हणजे काच वितळवायची भांडी, तडकतात आणि मग पुन्हा पेटवायची म्हणजे नवा संसार मांडायचा. लहानपणी बाबांचा डबा घेऊन यायचे तेव्हा मी तिच्या तोंडातून आत बघायचे. आत काहीच दिसत नाही, नुसता उजेड. इतका, की त्याला आकार नाही, तळ नाही. केस पिकायला लागले माझे, तरी अजून जाता-येता बघते आणि अजून श्वास अडकतो.

बाबा इथले सगळ्यांत मुरलेले फुंकणारे. सगळे त्यांना वस्ताद म्हणतात. मी तपासणी आणि पॅकिंगमध्ये. नवऱ्याशी फाटल्यापासून बाबांकडेच राहते, म्हणजे घरातली दोन्ही पोटं एकाच भट्टीवर. मला वाटलं, बाबा मालकांना काहीतरी बोलतील. त्यांनी काच फुंकायची नळी भिंतीला टेकवली आणि पाणी प्यायला गेले.

घरी येताना बाबा जिन्यात मधेच थांबले, कठड्याला धरून मला म्हणाले, "ठिणगे, आकाश बघ काय रंगलंय." इथे चूल विझायची वेळ आली आणि यांना आकाश सुचतंय! मी म्हटलं, "तुम्हीच बघा," आणि वर आले. बऱ्याच वेळाने बाबा आले मागून.

१३ जानेवारी, मंगळवार

लंबूने पिल्लू सोडलंय. लंबू म्हणजे बाबांच्या हाताखाली तयार झालेला फुंकणारा, चौकट दिसली की आधी मान वाकवतो. त्याची मेहुणी काम करते तो शिलाई कारखाना म्हणे कामगारांनीच विकत घेतला. अशांना कर्ज द्यायला एक निधी आहे. नुसते पैसे देत नाहीत, शिकवायला माणूसही पाठवतात. सगळे सभासद, सगळ्यांचा थोडाथोडा भाग, आणि प्रत्येकाला एक मत. वस्तादालाही एक, झाडणाऱ्यालाही एक.

मी म्हटलं, "लंब्या, आपण आणि मालक? आगीतून फुफाट्यात!"

तपासणीतल्या मावशी बरणी उजेडात धरून म्हणाल्या, "आपण जन्मभर आगीपुढेच उभे. फुफाट्याचं काय कौतुक?" सगळे हसले.

लंबूने आधी स्वतःची तयार मालाची टोपली सुधारावी, असं माझं स्पष्ट मत. आज पुन्हा त्याच्या टोपलीत मान कललेल्या बरण्या, एका बाजूला पातळ पडलेल्या दिव्याच्या काचा. बाबांच्या टोपलीत बोट ठेवायला जागा नाही. सगळ्यांदेखत हजेरी घेतली त्याची. हसला, "चुकलं ताई" म्हणाला, आणि टोपली उचलून घेऊन गेला. निर्लज्ज मेला.

२० जानेवारी, मंगळवार

निधीची सल्लागार आली. मालकांच्या खोलीतली गुबगुबीत खुर्ची आणून मांडली होती, तर ही बया उलट्या खोक्यावर बसली. मग ती खुर्ची दिवसभर मधोमध रिकामी. कोणी बसेना, कोणी हलवेना.

मला वाटलं, कागद काढेल आणि असं करा, तसं करा म्हणून सांगेल. छे! ही नुसती विचारते. "उशिरा आलेल्याला कोण बोलणार?" आम्ही गप्प. "दोघांना एकाच दिवशी रजा हवी असेल तर?" गप्प. "काम कमी आलं तर सगळ्यांनी थोडंथोडं घरी बसायचं, की एकालाच घरी बसवायचं?" आम्ही एकमेकांची तोंडं बघतोय. प्रश्न विचारायचा पगार मिळतो हिला! संध्याकाळपर्यंत तिचं नाव प्रश्नबाई पडलं होतं.

एक गंमत झाली. ती भट्टीपाशी उभी असताना मागे खळ्ळकन आवाज झाला. कोणाची तरी बरणी नळीवरून सुटली. रिवाजाप्रमाणे जो सगळ्यांत जवळ होता तो म्हणाला, "भट्टीचं भट्टीला," आणि दुसऱ्याने तुकडे फावड्याने काचांच्या पेटीत टाकले. उद्याच्या वितळणीत ते जातील, काच काही वाया जात नाही. प्रश्नबाईने सवयीने विचारलं, "कोणाची होती?" सगळ्यांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने शिवी दिली. मीच समजावलं, "बाई, फुटलेलं कोणाचं ते आमच्यात विचारत नाहीत. पूर्वीपासून."  पहिल्यांदाच तिने काहीतरी लिहून घेतलं.

जाताना मला विचारते, "तुम्ही कधी फुंकून पाहिलंय?" म्हटलं, बायका नळीला हात लावत नाहीत. "असा नियम आहे?" नियम नाही, रिवाज. "कोणी घातला?" आता मला काय माहीत! अशा बाईशी कोण डोकं लावणार.

३१ जानेवारी, शनिवार

आज आम्हा चौघांना प्रश्नबाईने तो शिलाई कारखाना दाखवला. मी मनात म्हणत गेले की दुरून डोंगर साजरे.

आणि काय बघितलं! सभा चालली होती, कापडाच्या ताग्यांवर बसून. अध्यक्ष कोण, तर झाडलोट करणारी बाई. केरसुणी शेजारी टेकवलेली. एक कटिंग मास्तर मोठ्या आवाजात बोलायला लागला तर ती म्हणाली, "दादा, आवाज खाली, तुमचंही एकच मत आहे." आणि तो बसला की! चक्क बसला. त्याचा अपमान झालाय असं त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मग ती नव्या यंत्राबद्दल बोलली, हप्ता कसा फिटेल, नाही फिटला तर काय करायचं, अगदी अडखळत, पण शेवटपर्यंत बोलली आणि सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मला कुणी इतका वेळ ऐकल्याचं आठवत नाही. मीच कधी कोणाचं इतका वेळ ऐकलंय म्हणा.

 परतताना बसमध्ये लंबू म्हणाला, "बघितलं ना ताई." मी मान हलवली.  बाबांना घरी सगळं रंगवून सांगितलं. ते म्हणाले, "सगळंच सगळ्यांपुढे ठेवतात का गं तिथे? कोणाचं किती काम, कोणाचं किती बिघडलं, सगळं?" म्हटलं, "सगळं! आरशासारखं!" ते "हं" म्हणाले.

७ फेब्रुवारी, शनिवार

ठरलं! कारखाना आपण घ्यायचा का, म्हणून प्रश्नबाईने विचारलं. सगळे बाबांकडे बघायला लागले. मग बाबांनी हात वर केला, आणि पाठोपाठ एकदम सगळ्यांचे. एकसुद्धा खाली नाही. मला रडूच आलं. मावशींनी पेटीतले पेढे काढावेत तसे स्वतःचे चणे काढून वाटले.

पण प्रश्नबाईचं तोंड गंभीरच. "वस्तादांनी हात वर केला नसता तर?" झालं, सगळ्या आनंदावर विरजण. भट्टीवाले काका म्हणाले, "तसं कसं होईल?" ती म्हणाली, "तेच विचारतेय. होऊ शकेल अशा पद्धतीने पुन्हा एकदा मत घ्याल का?"

घरी येईपर्यंत मी तिच्या नावाने बोटं मोडत होते.

११ फेब्रुवारी, बुधवार

कागदाच्या चिठ्ठ्या नकोत, अक्षर ओळखू येतं, असं ठरलं. लंबूने काचेचे थेंब पाडले. प्रत्येकाला एक पांढरा, एक निळा. पांढरा म्हणजे हो, निळा म्हणजे नाही. पडद्याआड दोन बरण्या, कापडात गुंडाळलेल्या. एकीत मताचा थेंब टाकायचा, दुसरीत उरलेला. एकेक जण आत जाऊन येत होता आणि टण् असा बारीक आवाज यायचा, मग दुसरा टण्. भट्टीच्या घरघरीतसुद्धा तो ऐकू येत होता, कारण आम्ही सगळे श्वास धरून होतो. इतकी वर्षं इथे मालक ठरवायचे आणि आम्ही ऐकायचो. आज झाडणाऱ्याच्या थेंबाचा आवाज वस्तादाच्या थेंबाइतकाच आला. मी शपथेवर सांगते, अंगावर काटा आला.

मग मताची बरणी पाट्यावर ओतली. पांढरे, पांढरे, सगळे पांढरे घरंगळले. आणि त्यांच्यात एक निळा.

कोणीतरी शनिवारी सगळ्यांसोबत हात वर केला आणि आज पाठीत सुरी घातली! प्रश्नबाई म्हणाली, बहुमत झालंय, कायद्याला पुरेसं आहे. पुढच्या महिन्यात निधीचे लोक येऊन सगळ्यांशी बोलतील. त्यांना दिसलं पाहिजे की ही माणसं एकत्र उभी राहतील, नाहीतर कर्ज देणार नाहीत. आणि मार्चअखेर गॅस बंद. म्हणजे तो एक निळा त्यांच्यापुढे तोंड उघडून सगळ्यांची भट्टी विझवू शकतो. मी तो थेंब उचलून एप्रनच्या खिशात टाकला. तो कोणाचा ते कळल्याशिवाय सोडणार नाही.

जेवताना बाबांपुढे सगळी भडास काढली. भट्टीवाले काका असतील, जन्माचे भित्रे. नाहीतर लंबूच, बोलून नामानिराळा. बाबा खाली मान घालून जेवत होते. म्हणाले, "असेल कोणी घाबरलेला."

"घाबरायला काय झालं?"

"उघड्यावर यायची भीती असते एखाद्याला."

"चोराच्या मनात चांदणं असतं, दुसरं काय!"

बाबा ताटातलं तसंच ठेवून उठले. माझ्या बाजूने एक शब्द बोलले नाहीत. लहानपणापासून हेच, माझा राग दिसला की यांना दुसऱ्याची कणव येते.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सभेत मी उभी राहिले आणि थेंब सगळ्यांना दाखवून म्हटलं, "ज्याचा असेल त्याने आत्ता सांगावं. बाहेरच्यांसमोर दगा द्यायच्या आधी."

कोणी हललं नाही. बाबा भट्टीकडे बघत होते. मग लंबू, ज्याच्यावर माझा संशय, तो म्हणाला, "ताई, बरणी फुटली की आपण विचारतो का?"

"ती बरणी असते!"

"मतही तसंच समजा."

मावशी हळूच म्हणाल्या, "भट्टीचं भट्टीला." मग काका. मग एकेक करत सगळे. मला तोंडात मारल्यासारखं झालं. खाली बसले. प्रश्नबाई मागे खोक्यावर बसून माझ्याकडे बघत होती, आणि आश्चर्य म्हणजे तिने काही विचारलं नाही.

पण थेंब मी फेकलेला नाही. खिशातच आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आठवडाभर प्रश्नबाईबरोबर नाकी नऊ. ती आणि तिच्याकडचा एक हिशेबाचा माणूस, दोघे आम्हाला आमचाच कारखाना शिकवतायत. कोणत्या मालाला खरी मागणी, कशावर आपण उगाच घाम गाळतो, गॅस कुठे वाया जातो. लंबूने दिव्याच्या काचांची किंमत स्वतः काढली आणि आम्ही इतकी वर्षं त्या जवळजवळ फुकट देत होतो असं निघालं. मावशी म्हणाल्या, "आपल्याच हाताने आपलंच नाक कापलं." मग नवी किंमत ठरवायला सगळे भांडले, अगदी कडाकडा, आणि भांडून एक आकडा ठरला. कोणी रुसलं नाही. ही तीच माणसं आहेत, जी मालकांपुढे मान वर करत नव्हती. मी डोळे फाडून बघत बसले.

एक गोष्ट मात्र अडली. फूटतूट वाढतेय, आणि ती कुठे होते ते निधीवाले विचारतील, असं प्रश्नबाई म्हणाली. सगळे एकदम चिडीचूप. मला माहीत आहे कुठे होते. लंबूच्या टोपलीत. पण गिळलं.

बाबा हल्ली नळी तोंडाला लावतात, पहिली फुंक मारतात आणि पुढचं लंबूच्या हातात देतात. शिकवत असणार त्याला. मोठं मन आहे. तो मात्र सुधरायचं नाव घेत नाही.

५ मार्च, गुरुवार

आजचं आजच लिहायला हवं.

निधीचे दोघे आले. एक कडक कॉलरवाले गृहस्थ, एक शांत बाई. सगळं फिरून बघितलं, एकेकाशी बोलले, मग सगळ्यांना भट्टीपाशी एकत्र बसवलं. कोणी विरोधात बोललं नव्हतं. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. तेवढ्यात कॉलरवाले म्हणाले, "तुमच्याकडे मोडतोड फार आहे. दोन वर्षांत वाढत गेलीय. कोणाच्या हातून होते?"

कोणी बोलेना.

"हे माहीत नसेल तर कारखाना चालवणार कसा? आणि माहीत असून लपवत असाल तर ते आणखी वाईट."

 काका जमिनीकडे बघतायत, मावशी छताकडे. त्या शांत बाईने पेनाला टोपण लावलं, आणि ते टोपण लावणं मला भट्टीचा गॅस बंद केल्यासारखं वाटलं. रिवाज गेला चुलीत, म्हटलं. 'लंबूचं' हे नाव माझ्या ओठावर आलं. अगदी ओठावर. तोंड उघडलंसुद्धा होतं.

आणि बाबा उभे राहिले.

"आमच्यात विचारत नाहीत साहेब," ते म्हणाले. "म्हणून आजवर मला कोणी विचारलं नाही. पण सांगायला बंदी नाही. ते फुटतं ते माझं. माझा दम संपलाय. दोन वर्षं झाली. फुंक अर्ध्यावर तुटते, मग एक बाजू पातळ राहते नाहीतर मान कलते. हा पोरगा माझं बिघडलेलं स्वतःच्या टोपलीत टाकतो आणि माझ्या पोरीच्या शिव्या खातो. ह्या सगळ्यांना ठाऊक आहे. तिला तेवढं नव्हतं."

 जिना. आकाश. पाणी प्यायला जाणं. सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. लंबू चौकटीत उभा असल्यासारखा मान वाकवून उभा होता. दोन वर्षं मी त्याची हजेरी घेतली, आणि तो "चुकलं ताई" म्हणत राहिला. अख्ख्या कारखान्याने एका म्हाताऱ्याचा श्वास झाकून ठेवला होता, मालकांपासून, माझ्यापासून, आणि त्यातल्या एकानेही कधी उपकाराचा 'उ' काढला नाही. कसली माणसं आहेत ही! मी ज्यांच्या बरण्यांतले बारीक बुडबुडे शोधत होते, त्यांना मी कधी नीट बघितलंच नव्हतं.

कॉलरवाल्यांनी विचारलं, "मग आता तुमचं काय?"

बाबा म्हणाले, "ते ह्यांनी ठरवायचं. माझं एकच मत."

तेव्हा प्रश्नबाईने मागून विचारलं, "वस्ताद, दम गेला. हात?"

बाबांनी दोन्ही हात पुढे केले. स्थिर. पाण्याचा पेला ठेवला असता तरी हलला नसता.

"फुंकायला आम्ही आहोत," लंबू म्हणाला. "त्यांनी बाकावर बसून घडवायचं. ते सांगतील तेवढंच फुंकू." काका म्हणाले, "आणि पोरांना शिकवायचं." मावशी म्हणाल्या, "फुटलेलं रोज मोजू साहेब. कुठल्या बाकावर, कशामुळे, सगळं सांगू. नाव तेवढं विचारू नका." मग तिथेच, त्या पाहुण्यांसमोर, कोणी न सांगता हात वर झाले. या वेळी बाबांनी हात वर केला नव्हता. ते तोंड फिरवून घाम पुसत होते.

शांत बाईने पेनाचं टोपण परत काढलं.

६ मार्च, शुक्रवार

जिन्यात बाबा थांबले. मीही थांबले. म्हटलं, "आकाश बघू या." बघितलं दोघांनी. ढगाळ होतं, बघण्यासारखं काही नव्हतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू टोपली बघायचीस गं. माझी टोपली बघून तुझं तोंड खुलायचं."

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. आत शिट्टीसारखा बारीक आवाज होता. एका घरात राहून तो मला कसा ऐकू आला नाही, देव जाणे. सोमवारी डॉक्टरकडे नेणार आहे, नाही म्हणाले तर उचलून.

लंबूची माफी मागायला गेले तर म्हणतो, "ताई, तुम्ही शिव्या दिल्या म्हणून तर कोणाला संशय आला नाही. तुमचाही हातभार लागला." मेला! हसता हसता मला रडवलं त्याने.

१८ मार्च, बुधवार

मंजूर! कर्ज मंजूर, आणि प्रश्नबाई आणखी दोन वर्षं येत राहणार. तिने बातमी सांगितली तेव्हा कोणी ओरडलं नाही, नाचलं नाही. सगळे वळून भट्टीकडे बघायला लागले. मीही. ती आपली नेहमीसारखी, तळ नसलेली. ही आता आमची? ही कोणाची असू शकते का? आम्ही फार तर तिच्यापाशी बसू शकतो. पण बसणार मात्र आम्हीच.

मग मावशींनी प्रश्नबाईला विचारलं, "आता तरी खुर्चीवर बसाल का बाई?" सगळे खो खो हसले. ती म्हणाली, "खुर्ची कोणाची?" घ्या!

३१ मार्च, मंगळवार

मालकांनी गॅसच्या खोलीची किल्ली काकांच्या हातात दिली. मग भट्टीच्या तोंडाशी बराच वेळ उभे राहिले. बाबांना म्हणाले, "वस्ताद, आवाजावरून कळायचं मला. कोणाचं फुटलं ते."

"मग विचारलं का नाहीत?"

"मीही इथलाच ना," मालक म्हणाले. या वेळी चष्मा खरोखरच ओला होता.

ती खुर्ची ते घेऊन गेले. आम्हीच आग्रह केला, इथे तिचा अडथळा होतो म्हणून.

१ एप्रिल, बुधवार

आमचा पहिला दिवस आला तो नेमका मूर्खांच्या दिवशी. जगाने काय हसायचं ते हसावं.

पहिली वस्तू कोणी करायची, यावर सगळ्यांचं एकमत, वस्तादांनी. बाबा बाकावर बसले. लंबूने मुशीतून काच काढली, नळीच्या टोकाला लालभडक गोळा, आणि नळी बाबांच्या बाकावर आडवी ठेवली. बाबा ती फिरवू लागले. मग लंबू फुंकायला खाली बसणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "तू नको. ठिणगे, ये."

मी मागे बघितलं, दुसरी कोणी ठिणगी आहे का म्हणून.

"बाबा, बायका—"

"नियम दाखव."

प्रश्नबाई कोपऱ्यात तोंडावर हात धरून उभी होती. हसत होती की काय कोण जाणे. मी एप्रनला हात पुसत पुढे गेले. बाबांनी डावा हात पुढे केला. "आधी तो निळा दे इकडे. खिशात घेऊन फिरतेस तो."

"तुम्हाला कसं माहीत?"

"दे."

दिला. त्यांनी तो चिमट्यात धरून भट्टीच्या तोंडाशी ऊब दिली आणि तापल्या गोळ्यावर अलगद टेकवला. चिकटला. गोळा पुन्हा आगीत फिरवून आणला तेव्हा निळा पार मऊ झाला होता. बाबांनी विचारलं, "शोधलास का, कोणाचा होता?"

"नाही."

"मला विचार ना. मला माहीत आहे."

मी त्यांच्याकडे बघितलं. कपाळावर घाम, डोळे माझ्यावर रोखलेले. इतक्या गंभीर चेहऱ्याने ते माझ्याकडे कधी बघत नाहीत. भट्टीवाले काका असणार, दुसरं कोण. पण आता कशाला? ज्याचा असेल तो काल होता, आजही आहे, आमच्यातच उभा आहे.

"नाही विचारत," मी म्हटलं. "भट्टीचं भट्टीला."

बाबांनी नळीचं टोक माझ्याकडे वळवलं. मग म्हणाले, "फुंक."

मी गुडघ्यावर बसले, नळी ओठांना लावली आणि फुंकले. काही नाही, दगड फुंकावा तसं. "पोटातून," बाबा म्हणाले. पुन्हा फुंकले, आणि तिकडे, नळीच्या दुसऱ्या टोकाला, तो गोळा हलला. फुगला! माझा श्वास होता तो. मला दिसत होता. जन्मभर जो नुसता येतो आणि जातो, ज्याला कोणी बघत नाही, तो तिथे लाल उजेडात, गोल होऊन वाढत होता. आणि बाबांचे हात त्याच्याभोवती फिरत होते, ओल्या लाकडाने दाबत, सांभाळत. "थांब." थांबले. "आता थोडं." फुंकले. निळा थेंब ताणत ताणत बारीक रेघ झाला आणि त्या रेघेने सबंध भांड्याला वेढा घातला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला ते पुसताही येत नव्हतं, कारण तोंडातली नळी सोडायची नव्हती.

बरणी तिरकी झाली, मान थोडी कललेली. मावशींनी लांब चिमट्यात उजेडात धरून तपासली. "दुसऱ्या कोणाची असती तर परत पाठवली असती," म्हणाल्या, आणि गॅसच्या खोलीजवळच्या खिडकीत ठेवायचं त्यांनीच ठरवलं. आत्ता ती निववायच्या छोट्या भट्टीत आहे, उद्या संध्याकाळी निवून बाहेर येईल.

बाबा घरी येताना जिन्यात कुठेही न थांबता बोलत होते, तेही दम लागत असताना. दारात आल्यावर मात्र माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. मी म्हटलं, "अहो, किल्ली माझ्याकडे आहे, सरका जरा." सरकले. उद्या पहिली पाळी माझी आहे, भट्टीपाशी.